बी.ए. आहे, फक्त इंग्रजी राहिलंय

"ताई, क्रेडिट म्हणजे उधारीच ना हो?"

संक्रांत नुकतीच झालेली, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं, आणि वहिनी कुंपणाच्या जाळीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, बँकेत तरी तसंच धरतात. कुणी मागितलीय का तुमच्याकडं?

"मागतंय कोण! आमच्या धाकटीला मिळवायची आहेत. एका सेमिस्टरला 22. पोरीला बी.एस्सी.ला घातली ती केमिस्ट्री शिकायला. आता दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म आणलाय, तर केमिस्ट्री कुठंतरी कोपऱ्यात आणि बाकी नुसती अक्षरं. ओई, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. मला वाटलं रक्त तपासल्याचा रिपोर्टच दिलाय हातात."

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. नव्या शैक्षणिक धोरणात ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नाव ओपन, पण घ्यायचं सक्तीनं आणि तेही आपल्या शाखेबाहेरचं. सायन्सवाल्यानं कॉमर्सचं नाहीतर आर्ट्सचं घ्यायचं, आर्ट्सवाल्यानं दुसरीकडचं. स्वायत्त कॉलेजांत 2023 ला सुरू झालं, बाकीच्या कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी.

"मग हिनं मागच्या सेमिस्टरला काय घेतलं होतं?"

"घेतलं कुठलं, वाट्याला आलं. हिला सिनेमाचं काहीतरी पाहिजे होतं. त्याच्या जागा पहिल्याच दिवशी संपल्या. मग राहिलं होतं ते मिळालं, अकाउंट्स."

एवढ्यात मागच्या बाजूनं खाकरल्याचा आवाज आला. आमचं, वहिनींचं आणि सरांचं अंगण एका कोपऱ्यात मिळतं. सर वनस्पतिशास्त्राचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आसपास कुठं 'सेमिस्टर' हा शब्द पडला की हातातला पेपर ठेवून बाहेर येतात.

"नवं काय आहे त्यात?" सर म्हणाले. "नावं तेवढी नवी. पोरांना नको असलेला विषय त्यांच्या गळ्यात बांधायचा, हे विद्यापीठाचं जुनंच काम."

"आमच्या वेळी एकच बांधत होते," वहिनी म्हणाल्या. "कंपल्सरी इंग्लिश."

आता वहिनी मूळच्या तासगावकडच्या. इतिहास घेऊन बी.ए. झाल्यात, शिवाजी विद्यापीठाच्या. अजूनही टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेत कुणी चुकीच्या वर्षी मेलं की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. त्यांचं इंग्रजीचं प्रकरण मी याआधी तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं. त्या दिवशी सर समोर होते म्हणून सगळं निघालं.

"सर, इतिहासाच्या पेपरात मी कधी मागं नव्हते. पेशव्यांची वंशावळ झोपेत विचारली तरी सांगितली असती. आणि डिग्री अडली कुठं, तर व्हॉइस बदला आणि पत्र लिहा, या दोन गोष्टींपाशी. शिकवणारे सर फार चांगले हो. 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' म्हणून धडा होता. ती बाई नवऱ्यासाठी केस विकते आणि तो तिच्यासाठी घड्याळ विकतो, ती गोष्ट. आमच्या सरांनी अशी सांगितली, अशी सांगितली, की अख्खा वर्ग डोळे पुसत होता. पाठीमागची पोरंसुद्धा. आणि परीक्षेला नेमका तोच प्रश्न. मला एकूण एक आठवत होतं की! फक्त मराठीत."

"म्हणजे त्यांनी शिकवलंच मराठीत?"

"मग काय करणार? इंग्रजीत शिकवलं असतं तर वर्गात कोण बसलं असतं? तरी बरं, त्यांनी शेवटच्या महिन्यात सांगितलं होतं की, पोरींनो, गाईडमधली उत्तरं पाठ करा. मी केलीही. पण पाठ केलेल्या उत्तरात एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. निकालात सगळे विषय सुटले आणि इंग्रजी राहिलं. त्यातच मला बघायला आले. आमच्या आप्पांनी खरं ते सांगून टाकलं, पोरगी बी.ए. आहे, फक्त इंग्रजी राहिलंय. तर मामंजी काय म्हणाले? म्हणाले, आम्हाला कुठं विलायतेला न्यायचीय? लग्न ठरलं. पण सासूबाईंच्या ते डोक्यात बसलं. पाहुण्यांत ओळख करून देताना म्हणायच्या, ही आमची थोरली सून, बी.ए. आहे, फक्त इंग्रजी राहिलंय. ते ऐकून ऐकून शेवटी ऑक्टोबरच्या परीक्षेला बसले आणि काठावर का होईना, सुटले. नाहीतर माझ्या निधनवार्तेतसुद्धा तेच छापलं असतं."

हसलो आम्ही, पण मला त्या पेपराचा रागच येतो. गावाकडच्या किती मुला-मुलींच्या पदव्या या एका विषयावर लोंबकळत राहिल्या असतील. वर्षभर मराठीत शिकवायचं, परीक्षा इंग्रजीत घ्यायची आणि मग मुलं कच्ची आहेत म्हणून परिसंवाद भरवायचा. असो. माझंही त्या वेळचं काही फार सरळ नव्हतं.

मी इंजिनिअरिंगला गेले ती कॉम्प्युटरला. आमच्या वेळी कॉम्प्युटर म्हटलं की लोक जरा वळून बघायचे. घरच्यांना वाटलं, पोरगी एसीत बसून काम करणार. पण पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखंच. सिव्हिलवाला असो की कॉम्प्युटरवाला, वर्कशॉप चुकत नाही. सुतारकाम, फिटिंग, लोहारकाम, पत्र्याचं काम, वेल्डिंग, ओळीनं सगळं. सलवार-कमीजवर खाकी ॲप्रन घालून, ओढणीला गाठ मारून, आम्ही मोजक्या मुली त्या शेडमध्ये उभ्या. फिटिंगच्या बाकाला व्हाइस. त्यात लोखंडी पट्टी घट्ट आवळायची आणि कानस मारत राहायचं. चारी बाजू एकमेकींना काटकोनात आल्या पाहिजेत. एवढाच जॉब. ऐकायला सोपा.

तिथल्या कारागिरांना सगळे मामाच म्हणायचे. आमचे फिटिंगचे मामा बोलायचे कमी. आपण पट्टी नेऊन दिली की ते तिच्यावर गुण्या ठेवायचे आणि दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडाकडं धरायचे. गुण्या आणि पट्टीच्या मधून उजेडाची रेघ दिसली की म्हणायचे, "दिसतंय की." बस्स. परत बाकाकडं. तळहाताला फोड आले, ते फुटले, तरी मामांना उजेड दिसतच होता.

"जॉब विकत मिळायचे म्हणे तिथं," सरांनी टोमणा मारला.

मिळायचे! मागच्या वर्षीच्या पोरांचे तयार जॉब कुणाकुणाच्या ट्रंकेत असायचे, कानस मारून नंबर पुसायचा की झाला आपला. पण मामांना आपल्या हातून गेलेला प्रत्येक तुकडा ओळखू यायचा. एका मुलानं असाच जॉब दिला, तर मामा म्हणाले, "हा मागच्या साली पास केला होता मी. आता तुझा आण."

आणि ड्रॉइंग! तिथं तर आम्ही सरळसरळ चोरी करायचो आणि तिला नावसुद्धा होतं, जीटी. ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर हुशार मुलीची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. खालचा उजेड वर येतो आणि रेघा दिसतात. मग फक्त गिरवायचं. अख्खं वसतिगृह रात्री दोन दोन वाजेपर्यंत कंदिलासारखं पिवळं दिसायचं. एकदा त्या हुशार मुलीनंच चुकीचा व्ह्यू काढला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या तुकडीची तीच चूक, त्याच मिलिमीटरवर.

"आणि कॉम्प्युटर?" वहिनींनी विचारलं.

कॉम्प्युटरला हात लावायला मिळाला तो पुढच्या वर्षी. चपला बाहेर काढून, देवळात गेल्यासारखं.

"पण वर्कशॉपमध्ये नापास झालं तर अख्खं वर्ष जायचं?" वहिनींना स्वतःचं इंग्रजी आठवलं असणार.

याला सरांनी उत्तर दिलं. "वहिनी, वर्षाचं काय घेऊन बसलात? आयसीएसची नोकरी गेलीय लोकांची. अरविंद घोष, आपले अरविंदबाबू. लॅटिन-ग्रीकमध्ये पहिल्या रांगेतले, आयसीएसची परीक्षा पास, केंब्रिजमधला उमेदवारीचा काळ पुरा. शेवटची अट काय, तर घोड्यावर बसण्याची परीक्षा. गेलेच नाहीत तिला. 1892 मध्ये नाव कापलं. मग सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्याला आणलं."

"म्हणजे घोड्यामुळं बडोद्याला आले!"

"त्यांना जायचंच नव्हतं, असंही म्हणतात. पण कागदावर घोडाच."

मग सर स्वतःच्या विषयावर आले. मला वाटतं ते सकाळपासून त्यासाठीच थांबले होते.

पर्यावरण अभ्यास हा विषय कॉलेजात आला तो कोर्टामुळं. वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर 1991 च्या नोव्हेंबरात निकाल झाला. शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीचं करा, शिवाय सिनेमागृहांनी खेळाआधी पर्यावरणाच्या दोन तरी स्लाइड फुकट दाखवाव्यात, असंही त्यात होतं. स्लाइड आल्या, कॉलेज मात्र हललं नाही. 2003 साली कोर्टाला पुन्हा खडसावावं लागलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी एकच अभ्यासक्रम केला. तासिका 50, त्यातल्या 5 वर्गाबाहेर. मार्क 100, त्यातले 25 बाहेरच्या कामाचे.

"आता हे शिकवणार कोण?" सर म्हणाले. "त्यासाठी नवा माणूस नेमायचा नाही, हे ठरलेलंच. मग कुणाचा वर्कलोड कमी पडतोय ते बघायचं. आठवड्याला 16 तास भरले पाहिजेत. बॉटनीला पोरं कमी, माझे तास भरत नव्हते. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला. मी चहावरूनच ओळखलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरण घ्या म्हणाले. आमचे भूगोलवाले बी.ए.ला लागले. दुसऱ्या एका कॉलेजात तर मराठीचे सर हे शिकवत होते, ओझोनच्या थरावर. तुम्ही म्हणता मुलांवर सक्ती. अहो, फळ्यापाशी उभा असलेला माणूससुद्धा सक्तीनंच उभा होता!"

मला वाटतं, इतक्या वर्षांत या विषयावर कुणी बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य असावं. सक्तीचा विषय वाईट नसतो. तो ज्याचे तास भरत नाहीत त्याच्या गळ्यात पडतो आणि मग दोन्ही बाजूंना घड्याळाकडं बघणारी माणसं. वहिनींच्या इंग्रजीच्या सरांचंही तसंच काही असेल काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण ते तर आवडीनं शिकवत होते. त्यांच्या वर्गात डोळे पुसणं होतं. अडलं ते परीक्षेपाशी.

"पुस्तक मात्र चांगलं होतं," सर सांगत होते. "आयोगानं पुण्याच्या डॉ. एराक भरुचांकडून करून घेतलेलं. आणि भरुचा कोण? सर्जन! पोटं फाडणारा माणूस, जंगलं बघत हिंडला आणि देशभरातल्या पोरांसाठी त्यानं पर्यावरणाचं पुस्तक लिहिलं. मी वर्गात हे सांगितलं, तर मागून एक पोरगं म्हणालं, सर, त्यांचाही वर्कलोड कमी असेल."

ते वर्गसुद्धा कसले! दीडशे पोरं, माइक नाही, आणि तास शेवटचा. पोरांचा प्रश्न एकच, आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला झाडांचं काय करायचंय? त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं, चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. केंब्रिजला शिकले काय? वनस्पतिशास्त्र. त्यात बक्षीसही मिळवलं. मग आयसीएसला पहिले आले आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढं देशाचे अर्थमंत्री. वर मेघदूताचा मराठीत अनुवाद केला तो वेगळाच. "म्हटलं, तुमच्या खिशातल्या नोटांवर बॉटनीवाल्याची सही असायची एकेकाळी. पोरं गप्प बसायची. पटायचं म्हणून नाही हो, नोटांचा विषय निघाला म्हणून."

बाहेरच्या कामाचे 25 मार्क म्हणजे प्रोजेक्ट. पहिल्या वर्षी सरांकडं जवळजवळ दीडशे प्रोजेक्ट आले आणि त्यातली निम्मी गांडूळखतावर. सगळ्यांत तोच फोटो, तोच खड्डा, तीच गांडुळं. कॉलेजसमोरच्या डीटीपीवाल्यानं एकदाच टाइप करून ठेवलेलं, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलायचं. एकाचं तेही बदलायचं राहिलं होतं. त्यानं एका मुलीच्या नावानं प्रोजेक्ट दिलं आणि आभार मानले होते 'माझे पती' यांचे.

"तेव्हा ठरवलं," सर म्हणाले, "की प्रोजेक्ट असं द्यायचं, जे त्या दुकानात मिळणार नाही. त्यांना आयर्विन पुलावर नेलं."

सांगलीकराला आयर्विन पूल म्हणजे काय ते सांगायला नको. कृष्णेची पातळी तिथं मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि पावसाळ्यात अख्खं गाव एकमेकांना नमस्काराऐवजी "किती झालं?" असंच विचारतं. सरांनी बी.कॉम.च्या पोरांना सांगितलं, रोज पातळी लिहायची. शेजारी पेपरात येतो तो कोयनेतल्या साठ्याचा आकडा, किती टीएमसी, किती क्युसेक सोडलं ते. गांडुळं ओळखता येत नसतील, पण आकडे तर येतात ना? पोरांनी खतावणीसारखे रकाने आखले. एका बाजूला कोयना, एका बाजूला सांगली. वरून पाणी सुटल्यावर इथं किती वेळानं चढतं ते त्यांनी स्वतःच काढलं. आणि त्याच सुमारास 2005 चा पूर आला.

"मग?"

"मग काय, परीक्षाच पुढं गेली. पण त्यातला एक पोरगा आता कापडाचं दुकान चालवतो, खालच्या पेठेत. 2019 ला पाणी यायला लागलं तेव्हा बाजारात लोक म्हणत होते, 2005 च्या वर जाणार नाही. यानं कोयनेचे आकडे बघितले आणि सगळा माल वरच्या मजल्यावर चढवला. पाणी 57 फुटांवर गेलं की! याचं एक ठाण भिजलं नाही. मला भेटला तेव्हा पाया पडायला लागला."

"बघा, विषय कामी आला," वहिनी म्हणाल्या.

"थांबा, पुढं ऐका. माल वर नेला आणि हिशेबाच्या सगळ्या वह्या खालच्याच कपाटात राहिल्या. उधारीवाल्यांनी त्या वर्षी दिवाळी केली. म्हणजे पर्यावरणात पास आणि अकाउंट्समध्ये नापास!"

सरांच्या हसण्यानं जाळीवरचा कावळा उडाला.

मग गाडी परदेशात गेली, जाणारच होती. वहिनींचा एक भाचा अमेरिकेत एमआयटीत शिकतो. तिथं म्हणे इंजिनिअर व्हायचं तर भाषा, कला, इतिहास, समाजशास्त्र असल्या विषयांचे 8 कोर्स करावेच लागतात. आणि त्याशिवाय पोहता आलं पाहिजे, नाहीतर पोहण्याचा वर्ग लावा. भाच्याला पहिल्याच आठवड्यात तलावात उतरवलं. हा कृष्णेच्या घाटावर भोपळा बांधून शिकलेला. त्यानं 100 यार्ड सहज मारले आणि विचारलं, वाहतं पाणी नाही का?

कोलंबिया विद्यापीठातही पोहण्याची अट आहे, पण तिथल्या इंजिनिअरांना माफ. का? तर तिथली पोरं म्हणतात, इंजिनिअर पूल बांधून पलीकडं जाईल.

"कोलंबिया म्हटल्यावर आठवलं," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांच्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. "बाबासाहेब तिथं गेले ते 1913 साली, अर्थशास्त्र शिकायला. पण जातींच्या उगमावरचा त्यांचा पहिला निबंध त्यांनी वाचला कुठं? गोल्डनवायझर म्हणून प्राध्यापक होते, त्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात. 1916 च्या मे महिन्यात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, हो! अर्थशास्त्राचे कोर्स तर कितीतरी घेतलेच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, फ्रेंच, जर्मनसुद्धा घेतलं होतं त्यांनी."

"त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती पण," मी म्हटलं.

"तेच सांगतेय मी. भूक असली की ताट वाढायला लागत नाही. आमच्या धाकटीला ताट वाढून वर हात बांधून बसवलंय. सिनेमाला जागा नाही म्हणे!"

सरांनी विचारलं, मग या सेमिस्टरला काय घेणारे? वहिनींनी हात झटकले. "ती म्हणतेय अकाउंट्सचाच पुढचा भाग घेते. आवडायला लागलंय तिला. शिकवणारी बाई चांगली आहे, नवीनच लागलीय, तासावर. आणि आता घरात कशाचाही हिशेब मांडते. दूधवाल्याचा मांडला, इस्त्रीवाल्याचा मांडला. परवा रविवारी माझी भिशीची वही काढली."

इथं वहिनींचा आवाज जरा बदलला. आमच्या गल्लीची भिशी त्या चालवतात. 20 बायका, महिना हजार.

"तिनं डावीकडं एक रकाना केला, उजवीकडं एक. म्हणाली, आई, तुझा ताळा जमत नाही. डिसेंबरात तू 20 हजार दिलेस आणि आलेत 19. हजार तू पदरचे घातलेस. मी म्हटलं शक्य नाही. तर तिनं नावानिशी यादी केली. कुणापुढं टिक नाही ते बोट ठेवून दाखवलं."

"कुणापुढं?" मी आणि सर एकदमच म्हणालो.

वहिनी सरांकडं बघत गप्प राहिल्या. मी अभ्रे बघायला लागले. सरांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, लगेच आलं. त्या इतका वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"दिलेत मी!" खिडकीतून आवाज आला. "मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, हळदीकुंकवाला, तुमच्या हातात. पाचशेच्या दोन नोटा, केळ्याबरोबर दिल्या. तुम्ही ओटीत टाकल्यात आणि टिक करायची राहिली असेल. शोधा तुमच्या त्या जांभळ्या साडीच्या पिशवीत. आणि पोरीला सांगा, या सेमिस्टरला दुसरा विषय घे म्हणावं!"